तासाभराचे विमान, दिवसभराचा हिशेब

धुळ्यातील एका व्यापारी कुटुंबात संध्याकाळचे जेवण नेहमीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी आटोपले आणि बाबूजींच्या मुंबईच्या फेरीचा विषय निघाला. बाबूजींचे वय बहात्तर. हृदयाच्या तपासणीसाठी मुंबईतील डॉक्टरांनी सकाळी अकराची वेळ दिली होती. ती चुकल्यास पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. पुण्यात शिकणारा नातू सुटीसाठी घरी आला होता. त्याने मोबाइलवर पाहून सांगितले, "दादाजी, जळगावहून विमान आहे. सव्वा तासात मुंबई! मोटारीत सात तास कशाला बसायचे?"

मुलाला ते पटले. सूनबाईंनाही वाटले की, या वयात आणि या प्रकृतीत रस्त्याचे धक्के नकोत. बाबूजींनी मात्र कागद-पेन मागवले. पन्नास वर्षे रोजमेळ आणि खतावणी लिहिलेला तो हात. कागदाच्या मध्यावर उभी रेघ ओढून त्यांनी विचारले, "सव्वा तास हा विमानाचा झाला. आपला किती?"

हा प्रश्न केवळ त्या घरापुरता नाही. जळगावहून मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबाद आणि गोवा या ठिकाणी विमाने जाऊ लागल्यापासून खानदेशातील प्रत्येक पेढीवर आणि प्रत्येक घरात तो कधी ना कधी निघतो. तिकिटावर दोन विमानतळांमधील वेळ छापलेली असते; माणसाला मात्र उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत जायचे असते. या दोहोंतील फरक ओळखल्याखेरीज विमान स्वस्त की महाग, सोयीचे की गैरसोयीचे, हे ठरवता येत नाही.

प्रथम अंतर पाहू. आकाशातील अंतर रस्त्याच्या अंतराहून वेगळ्या रीतीने मोजतात. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी बोटे ठेवून त्यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो दोरा जी वाट दाखवतो ती सर्वांत जवळची वाट. विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो या दोऱ्याचा. वैमानिक तो सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. या पद्धतीने जळगाव ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ हे अंतर सुमारे ३५५ किलोमीटर भरते. पुणे सुमारे ३२०, अहमदाबाद सुमारे ३९०, हैदराबाद सुमारे ५१० आणि गोव्याचे मोपा विमानतळ सुमारे ६१० किलोमीटर. रेल्वेने जळगाव ते मुंबई हे अंतर ४२० किलोमीटर आहे, कारण रुळांना घाट, नद्या आणि मधली गावे सांभाळून जावे लागते.

इतक्या जवळच्या प्रवासात नकाशावर पट्टीने काढलेली रेघ आणि गोलावरचा दोरा यांत नजरेला फरक जाणवत नाही. लांबच्या प्रवासात तो मोठा होतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि त्याची जवळची वाट भिंतीवरील नकाशात सरळ पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे वाकलेली दिसते. ज्यांची मुले-मुली अमेरिकेत आहेत, त्यांनी विमानातील पडद्यावर ही वाकडी रेघ पाहिली असेल. ती वाकडी नसते. कागद सपाट असतो आणि पृथ्वी गोल, एवढेच.

आता वेळ. या मार्गावर चालते ते एटीआर ७२ जातीचे, पंख्यांचे, सत्तरच्या आसपास आसनांचे विमान. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. ३५५ किलोमीटरला ५०० ने भागले तर सुमारे ४३ मिनिटे येतात. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर तीच ४७ होतात, आणि पाठीमागून असेल तर ३९. म्हणजे या छोट्या मार्गावर वाऱ्याचा फरक चार मिनिटांचा. मग तिकिटावर तास-सव्वा तास का असतो?

याचे कारण असे की, विमान कंपनीचे घड्याळ विमान हवेत उडाल्यावर सुरू होत नाही. चाकांखालील अडसर काढून विमान जागेवरून हलले की ते सुरू होते, आणि दुसऱ्या टोकाला चाकांखाली पुन्हा अडसर लागले की थांबते. या वेळेला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीपर्यंत संथपणे जाणे, उड्डाणाच्या परवानगीसाठी थांबणे, वर चढताना आणि खाली उतरताना कमी झालेला वेग, हे सर्व त्यात येते. मुंबईला आणखी एक अडचण आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा त्या एका पट्टीवर होते. त्या रांगेत जळगावच्या छोट्या विमानालाही आपला क्रम येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. या उशिराची तरतूद वेळापत्रकात आधीच केलेली असते. व्यापारी बुडीत येण्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवतो, तशीच ही तरतूद. म्हणूनच एखाद्या दिवशी विमान वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचते आणि प्रवाशांना कौतुक वाटते.

बाबूजींनी कागदावर पहिली रक्कम मांडली ती या सव्वा तासाची. मग खाली एकेक बाब येऊ लागली.

धुळ्यातील घरापासून जळगाव शहर सुमारे ९५ किलोमीटर. पारोळा, एरंडोल ही वाटेवरची गावे. विमानतळ शहराच्या पलीकडे, कुसुंब्याकडे. म्हणजे धुळेकराला जळगाव शहर ओलांडून जावे लागते. एकूण शंभर किलोमीटर, सव्वादोन तास. दुसरी बाब विमानतळावरची. चेक-इनची खिडकी विमान सुटण्याच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते, म्हणून तेथे सव्वा तास आधी तरी पोहोचणे आले. तिसरी बाब विमानाची, सव्वा तास. चौथी बाब, मुंबईत उतरून सामान हाती येईपर्यंत अर्धा तास. पाचवी, विमानतळापासून दक्षिण मुंबईतील रुग्णालयापर्यंत एक तास. बेरीज झाली सव्वासहा तास.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी मोटारीचा हिशेब लिहिला. धुळे ते मुंबई रस्त्याने सुमारे ३२५ किलोमीटर. मालेगाव, नाशिक, कसारा घाट. चहापाण्याचे थांबे धरून साडेसहा ते सात तास.

नातवाने दोन्ही बेरजा पाहिल्या आणि तो गप्प झाला. फरक पाव ते पाऊण तासाचा!

असे का होते, हे नकाशावर बोट ठेवताच कळते. मुंबई धुळ्याच्या नैर्ऋत्येला आहे आणि जळगाव पूर्वेला. धुळ्याहून मुंबईचे सरळ आकाशी अंतर सुमारे २८० किलोमीटर. परंतु जळगावमार्गे गेल्यास शंभर किलोमीटर उलट्या दिशेने जाऊन मग ३५५ किलोमीटर परत यावे लागते. २८० किलोमीटरच्या कामासाठी ४५५ किलोमीटरचा प्रवास. त्यातील विमानाचा भाग कितीही वेगवान असला, तरी उलट्या दिशेचे शंभर किलोमीटर तो वेग खाऊन टाकतात.

जळगावच्या माणसाचा हिशेब याहून वेगळा आहे. घरापासून विमानतळ अर्धा तास, तेथे सव्वा तास, विमान सव्वा तास, बाहेर पडणे अर्धा तास, पुढे शहरात एक तास. एकूण साडेचार तास. रेल्वेच्या मेल-एक्स्प्रेसने स्थानकावर जाणे-येणे धरून साडेसात-आठ तास लागतात. येथे तीन तासांची निव्वळ बचत आहे. पण त्यातही एक मेख आहे. रात्रीच्या गाडीचे आठ तास हे झोपेचे असतात. सराफ बाजारातील व्यापारी रात्री जळगावला गाडीत बसतो, सकाळी मुंबईत उतरतो, दिवसभर काम करतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. त्याच्या दुकानाचा एकच दिवस जातो. विमान भर दुपारचे असेल, तर जाण्यात अर्धा दिवस आणि येण्यात अर्धा दिवस मोडतो, वर एका रात्रीचा मुक्काम. म्हणजे घड्याळात तीन तास वाचले, पण दुकानाचा एक दिवस जास्त गेला. तास मोजताना तो तास दिवसाचा की रात्रीचा, कामाचा की विश्रांतीचा, हे पाहिलेच पाहिजे.

विमानाचा खरा लाभ दिसतो तो जेथे रेल्वेची सरळ सोय नाही तेथे. हैदराबादला जळगावहून रेल्वेने जाताना बहुधा वळसा घ्यावा लागतो किंवा गाडी बदलावी लागते. विमानाने तेच ५१० किलोमीटर दीड तासाच्या आसपास. पुण्याला रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये. शिक्षण-नोकरीनिमित्त खानदेशातील घराघरातून एक तरी मूल पुण्यात आहे. वृद्ध आई-वडिलांना त्या मुलाकडे जाण्यासाठी ३२० किलोमीटरचे हे विमान म्हणजे मोठाच आधार. सारांश, मार्ग निवडताना विमान किती वेगाने जाते यापेक्षा त्याच ठिकाणी दुसरे कोणते साधन किती सोयीने जाते, याची तुलना महत्त्वाची.

जळगावला विमान आणि धुळ्याला नाही, या वस्तुस्थितीमागे जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला आणि धुळे बाजूला राहिले. धुळ्याला चाळीसगावहून एक फाटा तेवढा मिळाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळे पश्चिमेचे आणि जळगाव पूर्वेचे मुख्य ठिकाण झाले. पुढे धुळ्याला हमरस्ते लाभले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग तेथे एकत्र येतात. जळगावला रेल्वे, धुळ्याला रस्ता, अशी ही वाटणी आहे. विमानाच्या काळातही ती फारशी बदलली नाही. धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे आणि शिरपूरजवळही एक आहे. परंतु त्यांचा उपयोग मुख्यतः वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी होतो. प्रवासी विमान घ्यायचे तर धुळेकराला जळगाव, नाशिकजवळचे ओझर, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर किंवा सुरत गाठावे लागते. रेल्वेची जुनी उणीव मात्र आता भरून निघण्याच्या मार्गावर आहे. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो पूर्ण झाला की धुळे प्रथमच मोठ्या मार्गावर येईल.

जळगावच्या विमानसेवेचा गेल्या काही वर्षांचा आलेखही व्यापाऱ्याने पाहण्याजोगा आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर केली आणि एप्रिल २०१७ मध्ये तिचे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले. डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव-मुंबई सेवा सुरू झाली, ती एकोणीस आसनांच्या छोट्या विमानाने. काही महिन्यांतच ती थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये अहमदाबाद-जळगाव-मुंबई असे मोठे विमान आले. पुढे २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातील सर्वच प्रवासी विमाने बंद राहिली. नंतर ती सेवा पुन्हा चालली आणि अखेर बंद पडली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर या कंपन्यांनी गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई, अहमदाबाद हे मार्ग टप्प्याटप्प्याने उघडले. सात वर्षांत तीनदा आरंभ आणि दोनदा खंड.

असे का घडते, हे बँकेच्या भाषेत सहज समजते. 'उडान' योजनेत विमान कंपनीने सुमारे निम्मी आसने ठरावीक कमाल भाड्यात द्यायची असतात. आरंभी हे भाडे तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या प्रवासासाठी २,५०० रुपये ठरले होते. यामुळे येणारी तूट सरकार भरून काढते. राज्य सरकारही इंधनावरील कर एक टक्क्यावर आणून आपला वाटा उचलते. पण ही मदत तीन वर्षांसाठी असते. नव्या दुकानाला पहिली तीन वर्षे भाड्यात सवलत द्यावी, तशी ही गोष्ट. चौथ्या वर्षी दुकान आपल्या गिऱ्हाइकांच्या बळावर उभे राहिले पाहिजे. विमानाची आसने भरली नाहीत, तर दुकान बंद होते. आणि एकदा विमान वेळापत्रकातून गेले की, ते परत यायला वर्षे लागतात.

येथे व्यापारी समाजाचा संबंध येतो. व्यापारी माणसाची सवय शेवटच्या क्षणी तिकीट काढण्याची. सौदा ठरेल तेव्हा निघायचे. त्या वेळी स्वस्त आसने संपलेली असतात, तिकीट महाग दिसते, आणि "विमान परवडत नाही" असा निष्कर्ष निघतो. कंपनीच्या बाजूने पाहिले तर महिनाभर आधी आसने रिकामी दिसतात आणि मार्ग तोट्याचा वाटतो. ज्या फेऱ्या आधीच ठाऊक असतात, जसे की लग्नकार्य, तपासणीची तारीख, मुलांचे प्रवेश, हंगामाची खरेदी, त्यांची तिकिटे तरी वेळेवर काढली तर दोन्ही बाजूंचे हित साधते.

मात्र विमानावर सर्वस्वी विसंबण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जळगावहून एखाद्या ठिकाणी दिवसाला एकच विमान असते, आणि तेही काही मार्गांवर आठवड्यातील ठरावीक दिवशीच. मुंबई-दिल्लीचे विमान रद्द झाले तर तासाभरात दुसरे मिळते. जळगावचे रद्द झाले तर दुसरा दिवस, कदाचित त्याहून पुढचा वार. पावसाळ्यातील ढग किंवा हिवाळ्यातील धुके पुरेसे होते. वेळापत्रकही वर्षातून दोनदा बदलते. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होते. तेव्हा मागील वर्षाची वेळ गृहीत धरू नये.

विमान रद्द झाल्यास प्रवाशाचे हक्क काय, हेही माहीत असावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, कंपनीने रद्द झाल्याची सूचना किमान २४ तास आधीही दिली नसेल, तर तिकिटाचे पैसे परत किंवा पर्यायी विमान देण्याव्यतिरिक्त भरपाईही द्यावी लागते. ही भरपाई ठरते ती वर सांगितलेल्या ब्लॉक टाइमवर. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये आणि त्याहून अधिक वेळेच्या प्रवासाला १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरील कारणांसाठी भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमानाला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास विमानतळावर खाण्यापिण्याची सोय करणे कंपनीवर बंधनकारक आहे. तिकीट काढताना आपला मोबाइल क्रमांक अचूक द्यावा. एजंटचा क्रमांक दिलेला असेल तर सूचना त्याच्याकडे जाते, आणि "कळवले होते" असे कंपनीला म्हणता येते.

संध्याकाळच्या विमानाने येणाऱ्या चौविहार पाळणाऱ्या मंडळींसाठी आणखी एक लहानसा हिशेब आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. जळगाव मुंबईच्या पूर्वेला पावणेतीन अंशांवर आहे. त्यामुळे जळगावचा सूर्यास्त मुंबईच्या सरासरी अकरा मिनिटे आधी होतो. हिवाळ्यात थोडा अधिक फरक, उन्हाळ्यात थोडा कमी. उलट विमान उंचावर असल्याने खिडकीतून सूर्य जमिनीपेक्षा आठ-दहा मिनिटे जास्त वेळ दिसत राहतो. खिडकीतला सूर्य पाहून किंवा मुंबईचे कोष्टक हाती धरून "अजून वेळ आहे" असे समजणाऱ्याचा हिशेब चुकण्याचा संभव असतो. कोणती वेळ धरावी, हा नियम घेणाऱ्याने आपल्या गुरुजनांना विचारण्याचा प्रश्न. पण व्यवहाराच्या दृष्टीने, विमान सूर्यास्ताच्या जवळपास उतरणार असेल तर मुंबईतच जेवून निघावे, म्हणजे उशिराची चिंता उरत नाही.

मुंबईच्या बाजूला अलीकडे दोन बदल झाले आहेत आणि त्यांनी हिशेबातील शेवटची बाब बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोचा तिसरा मार्ग आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण खुला झाला. त्यावर विमानतळाची स्थानके आहेत आणि काळबादेवीचेही आहे. रस्त्यावरील कोंडीत तास-दीड तास घालवणाऱ्या कापड आणि सराफ व्यापाऱ्यांना भुयारातून थेट बाजारात उतरता येते. दुसरा बदल नवी मुंबईच्या विमानतळाचा. त्याचे उद्घाटनही त्याच महिन्यात झाले. वाशीच्या बाजार समितीत काम असणाऱ्या धान्य, डाळ आणि मसाल्याच्या व्यापाऱ्याला ते जवळचे, काळबादेवीला जाणाऱ्याला दूरचे. यापुढे तिकिटावर केवळ 'मुंबई' वाचून भागणार नाही; कोणते विमानतळ, हेही पाहावे लागेल.

धुळ्याच्या त्या घरात दोन्ही बाजूंची बेरीज होऊन कागद तसाच पडून होता. मुलगा म्हणाला, "बाबूजी, वेळ सारखाच लागतो. मग त्रास कमी कशात, तेवढेच पाहू."

बाबूजी म्हणाले, "त्रास नंतर. आधी खात्री पाहा. अकराची वेळ चुकली तर तीन आठवडे गेले. मोटार बिघडली तर वाटेत दुसरी मिळते. विमान रद्द झाले तर जळगावात बसून काय करणार?"

शेवटी असे ठरले की, जाताना आदल्या दिवशी सकाळी मोटारीने निघायचे, नाशिकला नातेवाइकांकडे दुपारची विश्रांती घ्यायची आणि दिवस मावळण्याच्या आत मुंबई गाठून रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत मुक्काम करायचा. परतीचा विचार सूनबाईंनी मांडला. तपासणीनंतर बाबूजींना थकवा असणार. सात तास मोटारीत बसणे कठीण. येताना घड्याळाची घाई नाही. विमान एक दिवस पुढे ढकलले गेले तरी काही बिघडत नाही. आणि जळगावात बाबूजींची लेक आहे. तिच्या घरी दोन दिवस राहून मग सावकाश शंभर किलोमीटर यायचे. डॉक्टरांनी विमानप्रवासाला हरकत नाही असे सांगितले तरच, ही अट सूनबाईंनी त्यात घातली.

नातवाने परतीचे तिकीट तेथेच काढले आणि क्रमांक एजंटचा न देता स्वतःचा दिला. मग त्याने जळगावला आत्याला फोन लावून बाबूजींच्या हाती दिला. लेकीने पहिला प्रश्न विचारला, "बाबूजी, विमान किती वाजता उतरते? तुमचे जेवण किती वाजता तयार ठेवू?"

बाबूजींनी कागद पुन्हा जवळ ओढला आणि मुंबईच्या सूर्यास्तातून अकरा मिनिटे वजा केली.